उचंत खातं

अडतीस वर्षं कापड मार्केटात मी खातेवह्या लिहिल्या.
ज्या रकमेचा धनी सापडत नाही
ती उचंत खात्यात टाकायची, एवढं मला कळतं.
सकाळी बेसिनात पडणारं रक्त मी तिथंच टाकत आलो.
ब्रश कडक आहे.
बोअरिंगचं पाणी जड आहे.
वय झालं.

'वय झालं' हे फार मोठं खातं.
त्यात काहीही मावतं.

साखरेची वही मात्र चोख.
चौदा वर्षं, तारीखवार,
उपाशीपोटीचे आकडे निळ्यात, दोनशेच्या वरचे लाल.
शुगरचे डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारायचे,
तळपायाला टोचून विचारायचे, लागतंय?
मूत्रपिंड, काळीज, नसा, सगळ्यांची विचारपूस व्हायची.
'आ करा' असं कुणी म्हटलं नाही
आणि मीही आपणहून तोंड उघडलं नाही.

गेल्या थंडीत सराफ्यात
हर्डीकरनं गराडूचा द्रोण पुढं केला.
म्हटलं, नको, मी भुट्ट्याचा कीस घेतो.
त्याला वाटलं पथ्य.
मलाही तेच वाटलं.
खरं म्हणजे खालचे दोन दात
त्या कुरकुरीत कडेला भ्याले होते
आणि मला न विचारता त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मग उशीच्या अभ्र्यावर डाग दिसला,
तांबूस, बडीशेपेच्या दाण्याएवढा.
कुमुद म्हणाली, हे पण वय झालं म्हणून?
तुरटीच्या पाण्याचा तांब्या तिनं ओतून दिला
आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टर शेफाली मंडलोई. माझ्या भाचीएवढी पोर.
दात दाखवायला गेलो, तर पहिला प्रश्न,
तीन महिन्यांची शुगर किती, काका?
तोंडात नळी. बोटांनी सांगितलं, नऊ,
आणि अंगठा जरा वाकवून, वर थोडी.

बारीक खुणांची सळई घेऊन
ती एकेका दातापाशी थांबत आकडे बोलू लागली.
मदतनीस मुलगा उतरवून घेत होता:
तीन. चार. सहा.
सात. रक्त.
सात.
जन्मभर आकडे लिहिले,
वही होण्याची ही पहिलीच वेळ.

ती हिंदीत सांगत होती, मी मराठीत ऐकत होतो.
हिरडी दात सोडते, तिथं खिसा होतो.
रक्तात साखर वाढली की खिशातली घाण माजते,
खिसा सुजला की साखर उतरायला कुरकुरते.
हिच्यामुळे ती, तिच्यामुळे ही.
मी आडवाच. वर पंखा.
जमा आणि नावे, एवढंच सुचलं.
एकच रक्कम दोन पानांवर पडलेली
आणि चौदा वर्षांत मी एकदाही ताळा घेतला नाही.

तीन खेपांत खिसे साफ झाले. एक दात गेलाच.
कागदात गुंडाळून दिला, अगदीच हलका.
पुढच्या तिमाहीत साखर थोडी खाली होती.
यात गोळीचं किती, चालण्याचं किती, हिरडीचं किती,
ते मी वेगळं काढून सांगू शकणार नाही, काका.
तिचं हे मला आवडलं.
जुळत नसेल ते जुळवून दाखवणारे मुनीम मी पुष्कळ पाहिलेत.

नेहरू पार्कातल्या बाकावर आम्ही सातजण,
सगळे शुगरवाले.
जांभळाच्या बियांची पूड, मेथीचं पाणी,
कोणाची सून चहा कसा करते, सगळं बोलून होतं.
काल मी विचारलं,
ब्रश करताना रक्त येतं का हो कुणाला?

हर्डीकरनं टोपी सारखी केली.
कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही.
फक्त मिटल्या ओठांमागं
एकेकाचा गाल आतून हलत होता,
जीभ दातांवरून सावकाश
शेवटच्या दाढेपर्यंत जात होती.